ब्लॅक होल हा विषय नाही, तो तालुका आहे

परवा रविवारी संध्याकाळी एक माजी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन घरी आली. एम.एस्सी. फिजिक्स झालेली, पूर्व भागात राहणारी. घरात तेलुगू, शाळा मराठी, एम.एस्सी. इंग्रजीत. वडील यंत्रमाग कारखान्यात कामाला. चहा होईपर्यंत कुणी काही बोलेना. मग तिनं पिशवीतून एक फॉर्म काढला आणि म्हणाली, "सर, पीएच.डी.ला विषय कुठला घेऊ?"

गोष्ट अशी की एका गाईडकडं एक जागा रिकामी आहे. विषय तयार आहे, पातळ फिल्म आणि गॅस सेन्सर. पंधरा दिवसांत फॉर्म भरायचा. पण पोरीला खगोलशास्त्र करायचंय. बी.एस्सी.पासून डोक्यात तेच.

मी विचारलं, "अगं, खगोलशास्त्रात नक्की कशावर?"

"ब्लॅक होलवर, सर."

वडील इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "सर, आमाला काय कळतंय त्यातलं. पन ह्ये सोडून ती पुन्यासाठी वर्षभर थांबली, आनि तिकडं पन झालं नाही तर? लोकं काय म्हनतील ते राहू द्या, पोरीचं काय व्हनार?"

हा प्रश्न दर वर्षी दोन-तीन पोरं तरी विचारतात. म्हणून उत्तर इथंच सगळ्यांसमोर लिहितोय. जरा मोठं आहे, सवडीनं वाचा.

आधी माझं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. माझा विषय मी निवडला नव्हता, तो मला मिळाला होता. गाईडकडं एक जागा होती, लॅबमध्ये एक भट्टी होती, आणि आधीच्या विद्यार्थ्यानं एक धातू संपवला होता. मला पुढचा धातू मिळाला. तीच पद्धत, तेच आलेख, ऑक्साइड तेवढं वेगळं. गाईड भला माणूस होता, कधी त्रास दिला नाही. पदवी मिळाली, नोकरी पक्की झाली. प्रबंधाची काळ्या बांधणीची प्रत कपाटात आहे. गेल्या वीस वर्षांत ती मी एकदाही उघडलेली नाही.

पातळ फिल्मला मी नावं ठेवत नाही. कोल्हापूर-सोलापूर भागात या कामाची मोठी परंपरा आहे. साध्या साधनांत चांगलं संशोधन उभं करणारी माणसं मी पाहिलीत. ज्याला त्यात खरी गोडी आहे त्यानं जरूर करावं. माझं म्हणणं एवढंच, की 'मिळाला' आणि 'निवडला' यात आयुष्यभराचा फरक पडतो.

पण मग 'ब्लॅक होलवर' हे सुद्धा निवडणं नव्हे. तिला मी तेच म्हणालो. अगं, ब्लॅक होल हा विषय नाही, तो तालुका आहे. तिथं जमीन घ्यायची तर गाव लागतं, गट नंबर लागतो, चतुःसीमा लागतात. 'मला अक्कलकोट तालुका द्या' म्हणून तलाठ्याकडं कुणी जातं का? डार्क मॅटर, परग्रहावरचं जीवन, विश्वाची उत्पत्ती हे सगळे तालुके. यूट्यूबवर तालुकेच दिसतात. पीएच.डी. मात्र एका गटावर होते. तो गट लहान असला तरी चालतो, फक्त त्याच्या चतुःसीमा नीट माहीत पाहिजेत.

लहान प्रश्न म्हणजे क्षुद्र प्रश्न, असं कुणाला वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण देतो.

रेल्वेनं पुण्याला जाताना कुर्डुवाडी, केम गेलं की जेऊर लागतं, करमाळा तालुक्यातलं. २२ जानेवारी १८९८ ला झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गाकडून येऊन या जेऊरवरून गेला होता. पुण्या-मुंबईत प्लेगचे दिवस. तशात कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल जहाजानं यंत्रं घेऊन जेऊरच्या माळावर तळ ठोकून होते. पुण्याहून आलेले कावसजी दादाभाई नायगमवाला हेही तिथंच होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. आता विचार करा, महिनोन् महिने तयारी करून दोन मिनिटं मिळणार, तर माणूस 'सूर्याचा अभ्यास करायला आलोय' असं म्हणून चालेल का? कुठल्या यंत्रातून, कुठल्या सेकंदाला, सूर्याच्या कडेचा कुठला वर्णपट टिपायचा, इतका बारीक प्रश्न आधी ठरवावा लागतो. नायगमवालांनी त्या ग्रहणाचा अहवाल पुढं १९०२ मध्ये छापला. आपलं जेऊर जगाच्या खगोलशास्त्रात नोंदलं गेलंय. जिल्ह्यात किती जणांना हे माहीत आहे?

हे नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवायचे, म्हणजे आजचं सीओईपी. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून त्यांनी तिथं वेधशाळा उभारली. त्या काळात लंडनचे नॉर्मन लॉकयर हे फार मोठं नाव. तेजोमेघांच्या प्रकाशातली मुख्य रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर त्यांचा अख्खा उल्कांचा सिद्धांत टेकला होता. नायगमवालांनी प्रश्न किती लहान घेतला बघा. मृगातल्या तेजोमेघाची ती रेषा रेखीव दिसते की एका बाजूला पसरट? लॉकयर बरोबर असतील तर पसरट दिसली पाहिजे. पुण्याच्या वेधशाळेतून ती रेखीव दिसली आणि तसं त्यांनी छापलं. प्रश्न लहान, साधन हातातलं, आणि उत्तरानं मोठ्या माणसाच्या सिद्धांताला धक्का. विषय निवडणं म्हणजे काय, याचं यापेक्षा सोपं उदाहरण मला माहीत नाही.

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती विद्यापीठवाल्यांनी वाचावी. पुढं त्या वेधशाळेत २० इंची दुर्बीण होती, त्या काळातली देशातली सर्वांत मोठी. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसावर उभा असलेला विषय त्या माणसाबरोबर जातो. त्यामुळं विषय निवडताना 'माझ्या गाईडनंतर आणि माझ्यानंतर इथं हे कोण करणार' हाही प्रश्न असतो. तो मात्र विद्यार्थ्यानं एकट्यानं सोडवायचा नसतो.

आता दुसरी भीती. "सर, एकदा विषय चुकला तर आयुष्य वाया जाईल का?" नाही जाणार. त्यासाठी दोन माणसांच्या गोष्टी.

जोसलिन बेल केंब्रिजला पीएच.डी. करत होत्या. विषय होता क्वेसारांसारख्या रेडिओ स्रोतांचे कोनीय व्यास मोजणं. दुर्बीण उभारायला स्वतः राबल्या. मग रोज सुमारे तीस मीटर कागदावरचे आलेख डोळ्यांनी तपासायच्या. १९६७ मध्ये त्या कागदावर एक बारीकशी खूण दिसली, कशातच न बसणारी. तो पहिला पल्सार. पण प्रबंधाचा विषय ठरलेला असल्यानं पल्सार कुठं गेले? प्रबंधाच्या परिशिष्टात! विसाव्या शतकातला एक महत्त्वाचा शोध, आणि तो परिशिष्टात.

दुसरे आपल्याच बाजूचे, कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी. बर्कलीला त्यांचे गाईड कार्ल हाइल्स, आकाशगंगेतल्या हायड्रोजनवर काम करणारे. पण विद्यार्थी असतानाच १९८२ मध्ये डॉन बॅकर यांच्याबरोबर त्यांनी पहिला मिलिसेकंद पल्सार शोधला, सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा. त्यानंतर ते कुठून कुठं गेले, हे २०२४ चं शॉ पारितोषिक सांगतं.

म्हणजे विषय हा उंबरठा आहे. तो ओलांडून आत गेल्यावर काय दिसेल ते आधी सांगता येत नाही. पण उंबरठा कुठल्या घराचा आहे, एवढं तरी बघून घ्यावं.

आणि ज्यांचा सिद्धांत हरला, त्यांचं काय? मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर सर गेले. संशोधक विद्यार्थी म्हणून ते केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याकडं होते. १९६१ मध्ये, पीएच.डी. चालू असतानाच, रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून मार्टिन राइल यांच्याशी झालेल्या वादात हॉइल यांच्या बरोबरीनं ते स्थिर स्थिती सिद्धांताच्या बाजूनं उभे राहिले. १९६५ मध्ये सूक्ष्मलहरींचं पार्श्वभूमी प्रारण सापडलं आणि जगानं महास्फोट मानला. सर आपल्या शंका शेवटपर्यंत मांडत राहिले. त्यांची बाजू मागं पडली, पण त्यांचं काम वाया गेलं का? १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका उभी केली. तिचा हेतूच मुळी हा, की देशभरातल्या विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना खगोलशास्त्र करता यावं. 'आंतरविद्यापीठीय' हा शब्द नावातच आहे. त्या नावात सोलापूरही येतं, हे आपण विसरतो.

आता कामाचं बोलू. विषय निवडताना मी पोरांना चार प्रश्न विचारायला सांगतो.

एक, डेटा हातात आहे का? 'दुर्बीण मिळेल', 'अर्ज केलाय' हे उत्तर नव्हे. आज यात आपली बाजू पूर्वी कधी नव्हती इतकी भक्कम आहे. गाया उपग्रहाची सुमारे १८० कोटी ताऱ्यांची यादी फुकट उपलब्ध आहे. टेस उपग्रहाच्या ताऱ्यांच्या तेजाच्या नोंदी फुकट आहेत. २०१५ मध्ये इस्रोनं सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुली होतात. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत, त्यांच्याही जुन्या निरीक्षणांचा साठा खुला आहे. जेऊरला कॅम्पबेल बोटीनं यंत्रं घेऊन आले होते. तुम्हाला एक बरा लॅपटॉप, पायथन आणि नेट लागतं.

दोन, चार वर्षांत एक तरी उत्तर निघेल का? यूजीसीच्या २०२२ च्या नियमानुसार पीएच.डी. किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची. जेआरएफची फेलोशिप महिना ३७,००० रुपये, तीही मिळाली तर आणि मुदतीपुरती. 'विश्व कशाचं बनलंय' याला सहा वर्षं पुरत नाहीत. 'या एका तारकागुच्छातले कुठले तारे खरोखर त्या गुच्छाचे आणि कुठले नुसतेच त्या दिशेला दिसणारे' याला पुरतात.

तीन, अडलं तर विचारायला कोण? कागदावरचा गाईड नव्हे. मंगळवारी दुपारी प्रोग्रॅम चालेना, तर त्याच आठवड्यात ज्याला फोन करता येईल असा माणूस. हा माणूस गावात नसेल तर पुण्यात असू दे, पण असला पाहिजे. विषय थोडा कमी आवडता आणि माणूस चांगला, किंवा विषय स्वप्नातला आणि माणूस कधीच न भेटणारा, यात मी डोळे झाकून पहिलं घेईन.

चार, आणि हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. उत्तर 'नाही' आलं तरी प्रबंध उभा राहील का? 'मी नवा ग्रह शोधणार' हा जुगार झाला, नाही सापडला तर हातात शून्य. 'या प्रकारच्या इतक्या ताऱ्यांभोवती अमुक आकाराचे ग्रह आहेत का' हा विषय झाला. नाही सापडले तर 'नाहीत' हेही उत्तरच. त्यावर पुढचा माणूस काम करू शकतो.

माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक म्हणतील, "सर, ही सगळी पुण्याची भाषा झाली. आपल्या पोरांना आधी पदवी लागते. गाईड आहे तिथं घुसा, डॉक्टर व्हा, मग काय ते खगोल बघा." हे मत मी उडवून लावत नाही. ज्या घरात महिन्याचा पगार मोजून येतो तिथं एक वर्ष थांबणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. पण त्या सल्ल्यातली दुसरी ओळ कुणी बोलत नाही. घुसून डॉक्टर झालेली किती तरी पोरं आज तासिका तत्त्वावर शिकवतायत. पदवीनं नोकरीची हमी दिलेली नाही, ना पातळ फिल्मच्या, ना खगोलाच्या. हमी कुठंच नसेल तर निदान पाच वर्षं आपल्या प्रश्नावर तरी जावीत. आणि मोठा डेटा साफ करणं, त्यातून खरं-खोटं वेगळं काढणं हे कसब खगोलाबाहेरही पोट भरायच्या कामाला येतं.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, विधान परिषदेत, फेलोशिपवरून चर्चा चालू असताना पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, असा सवाल झाला होता. तेव्हा आपण सगळे चिडलो आणि ते बरोबरच होतं. सारथी, बार्टी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी रस्त्यावर बसलेली पोरं आपलीच आहेत. पण चिडून झाल्यावर एक गोष्ट स्वतःशी कबूल करायला हवी. पोरांना न विचारता विषय वाटले, धातू बदलून प्रबंध काढले, की असा सवाल करणाऱ्याच्या हातात आपणच कोलीत देतो. फेलोशिप वेळेवर मागायची तर विषयही मनापासून निवडू द्यायला हवा. दोन्ही मागण्या एकाच दमात व्हायला पाहिजेत.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. पहिली, शीर्षक आधी आणि अभ्यास नंतर, हा उलटा कारभार थांबवा. आयुकात प्रवेश मिळालेला विद्यार्थी आधी कोर्सवर्क करतो, मग गाईड आणि विषय ठरवतो. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी पोरानं त्या क्षेत्रातले दोन शोधनिबंध नीट वाचायच्या आधीच सिनॉप्सिस आणि शीर्षक मागतात, आणि नंतर शब्द बदलायचा तर पुन्हा समितीपुढं. कोर्सवर्क संपेपर्यंत नुसतं क्षेत्र नोंदवून घ्या, गट नंबर नंतर.

दुसरी, सहमार्गदर्शक. यूजीसीचे नियम बाहेरच्या संस्थेतला सहमार्गदर्शक घ्यायला परवानगी देतात. सोलापूरचा गाईड आणि पुण्याचा सहमार्गदर्शक ही जोडी कागदावर शक्य आहे. ती अपवाद म्हणून नको, रिवाज म्हणून हवी. कॉलेजच्या तरुण शिक्षकांनी आयुकाच्या असोसिएट योजनेसाठी अर्ज करावेत. एक शिक्षक तिकडं जोडला गेला, की त्याच्यामागं पाच पोरांना वाट होते.

तिसरी मागणी आईवडलांकडं. पोरगी एक वर्ष प्रवेश परीक्षांची तयारी करत असेल तर ती 'घरात बसली' असं म्हणू नका. तिकडं हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरींची लायगो वेधशाळा होतेय. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केलेत. ती चालवायला माणसं लागतील, आणि ती माणसं आज कुठल्या तरी घरात 'बसलेली' आहेत.

त्या पोरीला मी परवा उत्तर दिलं नाही. एक काम दिलं. म्हटलं, विषय बाजूला ठेव. कृत्तिका तुला आकाशात ओळखता येतात ना? मग गायाच्या यादीतून त्या भागातले तारे उतरवून घे, प्रत्येक तारा आकाशात कुठल्या दिशेनं किती सरकतोय याचा आलेख काढ, आणि कृत्तिकांचे तारे बाकीच्या गर्दीतून वेगळे होतात का ते बघ. झालं तर सांग. कंटाळा आला तर तेही सांग, तेही उत्तरच आहे.

काल रात्री पावणेबाराला व्हॉट्सॲपवर आलेख आला. गर्दी एका बाजूला पसरलेली, आणि तिच्यापासून हटून ठिपक्यांचा एक घट्ट पुंजका. खाली लिहिलं होतं, "सर, हे बाकीच्यांपेक्षा वेगळे सरकतायत, सगळे एकत्र. पण कडेला थोडे तारे आहेत, ते यातले आहेत की नाहीत ते कसं ठरवायचं?"

मी तिला लिहिलं, हा जो शेवटचा प्रश्न विचारलास ना, विषय असा दिसतो.

फॉर्मची मुदत अजून आठ दिवस आहे. ती काय ठरवेल मला माहीत नाही, आणि ते मी ठरवणारही नाही. वडिलांना फोन करून एवढंच सांगितलं की पोरगी रात्री पावणेबारापर्यंत जागी होती, ते उगाच नव्हतं. ते म्हणाले, "व्हय सर, मी बी जागाच हुतो."

तुमच्या ओळखीत असं कुणी पोर असेल तर त्याला विषय देऊ नका. एक लहान काम द्या, आणि तो कुठला प्रश्न घेऊन परत येतो त्याची वाट बघा.